संसार एका ट्रकमध्ये, झोप मात्र पाळीपाळीने

प्रश्न असा आला होता: "आम्ही नाशिकचे, दोन वर्षांपूर्वी कॅनडात ब्रॅम्प्टनला आलो. नवरा कॅलिफोर्नियाच्या फेऱ्या करतो, महिन्यातले बावीस-तेवीस दिवस बाहेरच. कंपनी म्हणते, बायकोने एझेड (मोठ्या ट्रेलर-ट्रकचं) लायसन्स काढलं तर दोघांना टीम म्हणून ठेवू. निदान दोघं एकत्र तरी राहू असं वाटतंय. ताई, तुमचं रोजचं जगणं कसं असतं? मला जमेल का?"

ताई म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचे. हे २०१२ पासून इथे ट्रक चालवतात. मी २०१८ च्या हिवाळ्यात लायसन्स काढलं आणि तेव्हापासून आमची टीम आहे. लेक शिकायला वॉटर्लूला गेली, घर रिकामं झालं आणि मिसिसागाच्या गोदामात रात्रपाळीला खोक्यांवर लेबलं चिकटवून मी कंटाळले होते. कारण एवढंच. नवऱ्याच्या ओढीने ट्रकमध्ये चढले वगैरे काही नाही.

तुझं "एकत्र तरी राहू" हे वाक्य वाचून आम्ही दोघंही हसलो. तुला हसलो नाही गं, सात वर्षांपूर्वीचे आम्ही आठवलो. टीममध्ये नवरा-बायको एका ट्रकमध्ये असतात, पण एक जागा असतो तेव्हा दुसरा झोपलेला असतो. कंपनी टीमला जास्त माल देते तो त्याचसाठी.

हिशेब बघ. अमेरिकेत शिरलं की एका ड्रायव्हरला ११ तास चालवता येतं, तेही कामावर हजर झाल्यापासून १४ तासांच्या आत आणि त्याआधी १० तास विश्रांती झालेली असेल तरच. ८ तास चालवून झाले की अर्धा तास ब्रेक. आठ दिवसांत कामाचे ७० तास भरले की स्टिअरिंगला हात लावायचा नाही. मग सलग ३४ तास सुट्टी घेतली की पाटी कोरी, त्याला सगळे रीसेट म्हणतात. कॅनडात १३ तास चालवता येतं, पण आपला बहुतेक रस्ता अमेरिकेतला, त्यामुळे ११ चाच आकडा डोक्यात ठेव. ब्रॅम्प्टन ते कॅलिफोर्नियातलं सलिनास सव्वाचार हजार किलोमीटरच्या आसपास. तुझा नवरा एकटा जातो तेव्हा त्याला साडेचार-पाच दिवस लागत असणार. आमचा ट्रक दिवसाचे वीसेक तास पळतो, आम्ही अडीच दिवसांत पोचतो. स्ट्रॉबेरी आणि लेट्यूसचा जीव थोडा, म्हणून टीम लागते.

आता पाळ्या. मी पहाटे ३ ते दुपारी २, हे दुपारी ३ ते रात्री २. या वेळा टोरांटोच्या, कारण लॉगबुकचं यंत्र कंपनीच्या गावाच्या वेळेवर चालतं. कॅलिफोर्नियात गेलं की माझी पहाट तिथल्या रात्री १२ ला उजाडते. सासूबाईंना फोन करायचा तर कोरेगावात किती वाजले, इथे किती, लॉगबुकात किती असं तिहेरी गणित मांडावं लागतं. त्यांनी ते कधीच सोडून दिलंय. "जागी आहेस का गं?" एवढंच विचारतात.

या धंद्यात खरं शिकावं लागतं ते झोपायला. गाडी चालवणं शाळेत शिकवतात. ओंटारियोत २०१७ पासून एझेडसाठी किमान १०३.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. पण ताशी १०० किलोमीटरने पळणाऱ्या खोलीत, दुसऱ्याच्या भरवशावर डोळे मिटायचे कसे, याचा वर्ग कुठे भरत नाही. पहिले दोन महिने मी झोपलेच नाही म्हण ना. ब्रेक लागला की दचकायचे, लेन बदलली की पडदा सरकवून बाहेर बघायचे. रस्त्याच्या कडेच्या खाचांवरून चाक गेलं की जो घर्रर्र आवाज येतो, त्याने तर काळीज तोंडात यायचं. आणि अशी अर्धवट झोपलेली बाई पहाटे ३ ला छत्तीस टन घेऊन शिकागोच्या रिंगरोडवर निघणार!

यांचीही चूक होती. सहा वर्षं एकट्याने चालवलेलं, मागे कोणी झोपलंय ही सवयच नाही. मोकळा ट्रक हाकावा तसे ब्रेक मारायचे. एका रात्री मी स्टीलच्या वाटीत पाणी भरून बंकच्या, म्हणजे सीटमागच्या झोपायच्या जागेच्या, कडेला ठेवली आणि सांगितलं, सकाळी मोजू. सकाळी मोजायला पाणी उरलंच नव्हतं, सगळं माझ्या उशीत. भांडण झालं ते झालंच, पण त्यानंतर हे चार गाड्यांचं अंतर सोडून चालवायला लागले. पुढचा ट्रक दिसला की लांबूनच वेग उतरवतात. आता मला ब्रेक कळतही नाही. उलट गाडी थांबली की जाग येते. पाळण्यातल्या पोरासारखं होतं.

झोपताना खालच्या बंकवरच झोप आणि जाळी लाव. चालत्या ट्रकमध्ये झोपणाऱ्यासाठी ती पट्ट्यांची जाळी असते. बहुतेक ट्रकमध्ये ती गादीखाली दुमडून धूळ खात पडलेली सापडते. तुमच्या ट्रकचीही बघून घे. काळे पडदे, कानात बोळे, फोन पुढच्या माणसाकडे. रीफरचं, म्हणजे माल थंड ठेवणारं इंजिन ट्रेलरच्या तोंडाशी, म्हणजे बरोबर आपल्या डोक्यामागे असतं, त्याचंही एक आहे. स्ट्रॉबेरीच्या लोडला ते सलग चालू ठेवावं लागतं, तो एकसुरी आवाज कानाला सवयीचा होतो. काही मालाला चालू-बंद मोड चालतो. ते इंजिन दर वेळी खडखडत सुरू झालं की मी जागी. मला विचारशील तर मी स्ट्रॉबेरीच मागून घेईन.

नियमाने मिळणाऱ्या १० तासांत किमान ७ सलग तास बंकमध्ये काढावे लागतात. उरलेले ३ पर्यंत तास ट्रक चालू असताना शेजारच्या सीटवर बसून काढले तरी विश्रांतीत धरतात. २०२० मध्ये हा नियम बदलला, आधी ८ आणि २ होते. तो एक तास आमच्या संसाराला लाभला. हे उठले की तासभर माझ्या शेजारी येऊन बसतात. फारसं बोलत नाहीत, शेंगा सोलून देतात.

खरी भेट पाळी बदलताना. डिझेल भरायचं, गाडीची तपासणी करायची, लॉगबुकात नाव बदलायचं आणि चहा. तपासणीला आम्ही प्रदक्षिणाच म्हणतो. टायर, दिवे, ब्रेकचे पाइप, ट्रेलरचं सील बघत ट्रकभोवती एक चक्कर पन्नासेक मीटरची होते. वीस चकरा मारल्या की किलोमीटर. यांची साखर वाढायला लागल्यापासून रोज दोघं मिळून त्या वीस पुऱ्या करतो. मोबाइलवर हनुमान चालिसा लावून ट्रकस्टॉपवर गोल गोल फिरणारे आम्हीच. पंजाबी पोरं आता ओळखतात, हात करतात.

चहाच्या त्या वेळी भांडायचं नाही, हा आमचा एकुलता एक पक्का नियम. पैसे, लेकीचं लग्न, गावची जमीन, सगळं रीसेटच्या ३४ तासांसाठी राखून ठेवायचं. जो बंकमध्ये जातोय तो राग घेऊन गेला तर झोपत नाही, आणि नाही झोपला तर अकरा तासांनी तोच माझा जीव हातात घेऊन बसणार असतो. एकदा जमिनीवरून शब्दाला शब्द लागला आणि त्या रात्री हे नेब्रास्कात डुलकीवर आले. स्वतःच गाडी रेस्ट एरियात घातली, मला उठवलं आणि म्हणाले, "मला जमत नाहीये." लोड चार तास उशिरा पोचला, पैसे कापले. कापू देत. तेव्हापासून ठरलंय की झोप येतेय म्हणून ज्याने गाडी थांबवली त्याला दुसऱ्याने का म्हणून विचारायचं नाही.

हिवाळ्यात हाच नियम हवेलाही लागू. वायोमिंगमध्ये आय-८० महामार्गावर लारामी ते रॉलिन्स, एल्क माउंटनचा पट्टा, तिथला वारा तू अजून बघितला नाहीस. रिकामा ट्रेलर असेल तर पतंगासारखा उचलतो. रस्ता बंद होतो, फाटक पडतं, कधी दिवस-दिवस. एका जानेवारीत मला शांततेने जाग आली. हे लारामीत गाडी लावून स्टोव्हवर नाही, केटलीवर चहा करत बसलेले. रस्ता तेव्हा अजून चालू होता, फक्त उंच गाड्यांना वाऱ्याचा इशारा होता. डिस्पॅचरचा, म्हणजे ऑफिसात बसून गाड्या पाठवणाऱ्याचा फोन, "तुम्ही टीम आहात ना, मग थांबलात कशाला?" हे एवढंच बोलले, "चालवणारा मी आहे." दोन तासांनी फाटक पडलंच. एकोणीस तास तिथे अडकलो. रमी खेळलो, जवळच्या पंजाबी ढाब्यावर जाऊन राजमा-चावल खाल्ला आणि कित्येक दिवसांनी दोघं एकाच वेळी जागे होतो. आमच्यातल्या बऱ्याच गोष्टी अशा बंद रस्त्यांवर बोलून झाल्यात. ती कंपनी आम्ही त्याच वर्षी सोडली. तुमच्या कंपनीत वादळात थांबल्यावर काय ऐकावं लागतं ते तिथल्या जुन्या ड्रायव्हरांना विचार, पगाराच्या आधी.

पुढे कॅलिफोर्नियात शिरताना डॉनर समिट, ७,२०० फुटांच्या वर. बर्फ पडला की चाकांना साखळ्या बांधाव्याच लागतात. दोघं असलं की अर्ध्या वेळात होतं. पण एकाला झोपेतून उठून बर्फात गुडघे टेकावे लागतात, म्हणजे तीही झोप मोडलीच. म्हणून अंदाज वाईट असला की आम्ही सरळ खालून, आय-४० ने जातो. तिकडे जेवायचीही सोय आहे. ओक्लाहोमात सेअरला, टेक्सासात व्हेगाला पंजाब्यांचे ढाबे आहेत, गरम पराठा मिळतो. हिवाळ्यात नाहीतरी लेट्यूसची सगळी वरात सलिनासहून ॲरिझोनातल्या युमाला हललेली असते, साधारण नोव्हेंबर ते मार्च. त्या महिन्यांत खालचाच रस्ता बरा.

जेवणाचं म्हणशील तर ढाब्यावर रोज जेवलीस तर वर्षात दहा किलो वाढशील. मी वाढले होते. आता घरून निघताना तीस दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, थालीपिठाची भाजणी. ट्रकमध्ये छोटा फ्रीज आणि इन्व्हर्टर आहे, त्यावर लहान इन्स्टंट पॉट चालतो. मुगाची खिचडी, पिठलं, भात, अंडी एवढं भागतं. पण फोडणी नाही. एकदा चालत्या गाडीत लसणाची फोडणी दिली. हे खोकत उठले आणि गाद्यांना तो वास सॅक्रामेंटोपर्यंत. आता फोडणी घरी करून बाटलीत भरून नेते, सूप केलं की वरून चमचाभर. कढीपत्ताही त्या तेलातच तळलेला. ताजा कढीपत्ता चुकूनही पिशवीत ठेवू नकोस. लिंबू-संत्र्याच्या झाडांना रोग पसरवणारा किडा त्यावर वाढतो, म्हणून अमेरिकेत न्यायला बंदी आहे. सीमेवर सार्नियाच्या पुलावर अधिकारी विचारतो आणि कॅलिफोर्नियात शिरताना ट्रकी नावाच्या गावाशी पुन्हा तपासणी असते. खाण्याचं काय काय आहे ते आपणहून सांगून टाकायचं. दशमीला कोणी अडवलं नाही आजवर, एकाने फक्त वास घेऊन परत दिली.

बाथरूमचं तू लाजून विचारलं नसशील, पण ते सगळ्यात आधी विचारायला हवं. अंघोळ ट्रकस्टॉपवर, ठरावीक गॅलन डिझेल भरलं की कार्डावर शॉवर जमा होतो. बहुतेक ठिकाणी खोल्या स्वच्छ असतात, कुलूप असतं. मी चालवायची पाळी संपल्यावर करते, अंघोळ करून झोप चांगली लागते. अडचण होते ती रात्रीची. हे चालवतायत, मला मध्यरात्री जायचंय, रेस्ट एरिया साठ किलोमीटरवर. सुरुवातीला मी पाणीच कमी प्यायचे, दोनदा लघवीचा संसर्ग झाला, तापाने फणफणले. तसं करू नकोस. झाकणाचं छोटं पोर्टेबल टॉयलेट घे, बंकखाली बसतं. लाज एक आठवडा वाटते. मासिक पाळीच्या दिवसांत यांनी जास्त काम उचलायचं आणि मी पुढच्या आठवड्यात फेडायचं, असा आमचा उधारीचा हिशेब होता. आता तो प्रश्नच मिटलाय.

सुरक्षिततेची भीती मला वाटली होती तेवढी निघाली नाही. एकटी असते तर गोष्ट वेगळी होती. टीमला एक मोठा फायदा आहे. रात्री पार्किंग शोधत भटकावं लागत नाही, आणि अमेरिकेत संध्याकाळनंतर ट्रकला जागा मिळणं म्हणजे लॉटरी. थांबलोच तर दोन्ही दारांच्या हँडलमधून सीटबेल्ट ओवून लावतो, बाहेरून दार ओढलं तरी उघडत नाही. गोदामांवर मात्र अजूनही खिडकीतला माणूस माझ्याकडे बघून "ड्रायव्हर कुठाय?" विचारतो. मी म्हणते, झोपलाय, आणि कागद पुढे सरकवते. ट्रेलर मागे घेणं मला दोन वर्षं नीट जमत नव्हतं. तुलाही लागतील. सगळे बघत असतात, बघू देत. शंका आली की उतरून मागे जाऊन बघायचं, दहा वेळा.

पैशाबद्दल. टीमचा दर मैलाला मिळतो आणि तो दोघांत वाटला जातो, म्हणून ऐकायला मोठा वाटतो. तुम्ही दोघं स्वतंत्र नोकऱ्या करून जे आणाल त्याच्याशी तुलना कर. पहिल्या वर्षी फरक फारसा दिसणार नाही, खर्च वाचतो तो दिसतो. ट्रकमध्ये बसून काही विकत घेता येत नाही ना. कंपनीने "तुम्ही स्वतःची कंपनी काढा, आम्ही इन्व्हॉइसवर पैसे देऊ" म्हटलं तर मला विचारशील तर नकार दे. ट्रक त्यांचा, लोड त्यांचा, वेळ त्यांची आणि तू म्हणे स्वतंत्र उद्योजक! सुट्टीचे पैसे नाहीत, अपघात झाला तर विम्याची बोंब, आणि टॅक्सखात्याची नोटीस आली तर ती तुझ्या नावावर. टी-४, म्हणजे नोकरदाराला मिळणारा पगाराचा दाखला, देणारी कंपनी बघ. मग टीएल-२ फॉर्मवर जेवणाच्या खर्चाची वजावटही मिळते. साध्या पद्धतीत जेवणामागे २३ डॉलर, दिवसाला तीन जेवणं, त्याच्या ८० टक्के. पावत्या नाही ठेवल्या तरी फेऱ्यांची नोंद ठेवावीच लागते.

मुलं लहान असतील तर आत्ता नको. तू लिहिलं नाहीस, पण असतील तर. फेरी सात-आठ दिवसांची, वर बंद रस्ते. आजी-आजोबा इथे येऊन राहिले तरी मी नको म्हणेन. आमची लेक एकोणीस वर्षांची होती, तरी एकदा तिला १०३ ताप आणि आम्ही नेवाडात, सगळ्यात जवळचा विमानतळ तीन तासांवर. ते अकरा तास मीच चालवत होते. नकोच.

आता जमेल का, याचं उत्तर मी देऊ शकत नाही, तूच शोध. शाळेची फी भरायच्या आधी दोन फेऱ्या नुसती सोबत जा. कंपनीकडून प्रवासी म्हणून लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेचा व्हिसा हवा, तो आधी बघ. दिवसा त्याच्या शेजारी बसू नकोस, त्याने काही कळत नाही, सगळं सुंदरच दिसतं. रात्री तो चालवत असेल तेव्हा मागे जाऊन झोप. जाळी लाव, पडदा ओढ, फोन त्याच्याकडे दे. पहिली रात्र जागीच जाईल, दुसरीही. तिसऱ्या रात्री काय झालं ते मला कळव. आणि हो, वाटी ने.